भरतीबरोबर ओहोटीचीही वेळ छापावी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जून उजाडला की आपल्या दैनिकात एक चौकट हमखास येते. पावसाळ्यात साडेचार मीटरहून मोठी भरती कोणकोणत्या दिवशी आणि किती वाजता येणार, याचे वेळापत्रक त्या चौकटीत असते. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस यांची गाठ पडली की पर्जन्यजलवाहिन्यांतले पाणी समुद्रात उतरत नाही आणि हिंदमाता, मिलन सबवेसारखी सखल ठिकाणे तुंबतात, त्यामुळे ही माहिती मुंबईकराला हवीच असते. (जाता जाता एक विनंती : हा आकडा पाण्याच्या पातळीचा असतो, लाटेच्या उंचीचा नव्हे. 'साडेचार मीटर उंच लाटा उसळणार' हा मथळा दर वर्षी वाचावा लागतो, तो या वर्षी तरी टाळावा.) पाऊस सरला की ही चौकट नाहीशी होते. जणू समुद्राशी आपला संबंध केवळ तो रस्त्यावर येतो तेव्हापुरताच! प्रत्यक्षात तो वर्षाचे बाराही महिने दिवसातून दोनदा मागे हटतो आणि एरवी पाण्याखाली असलेला किनाऱ्याचा मोठा पट्टा काही तासांपुरता उघडा पडतो. तो पाहायला तिकीट लागत नाही, आरक्षण लागत नाही आणि मुंबईच्या निम्म्या वस्त्यांना तिथे बसने किंवा चालत जाता येते. भरतीची वेळ छापता तशीच ओहोटीची वेळही आपण वर्षभर छापावी, एवढे सुचवण्यासाठी हे पत्र आहे.

सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन कुठे जायचे, हा प्रश्न आता साध्या घरांना खर्चाच्या बाजूनेच जड झाला आहे. लोणावळ्याची वाट धरावी तर घाटात वाहनांच्या रांगा, जलक्रीडा उद्यानाचे शुल्क चौघांच्या कुटुंबाला परवडणारे नाही, आणि बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान शहरात असले तरी तिथेही माणशी प्रवेशशुल्क आहेच. चौपाटी फुकट आहे, पण चौपाटीवर आपण काय करतो? भेळ खातो, सूर्यास्त पाहतो आणि परततो. पाणी किती आत गेले आहे याकडे कोणाचे लक्ष नसते, कारण आज ओहोटी किती वाजता आहे हे कोळीवाड्याबाहेर फारसे कोणाला ठाऊक नसते.

वास्तविक हे गणित आपल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेतच दडलेले आहे. कोकण किनाऱ्यावरची जुनी माणसे तिथीच्या आकड्याची पाऊणपट करतात आणि भरतीची वेळ सांगतात. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीनच्या आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो आणि भरतीही तेवढीच रोज पुढे सरकते, हे त्या पाऊणपटीमागचे कारण. हा हिशेब मुंबईच्या किनाऱ्याला चांगला लागू पडतो. दक्षिणेकडे रत्नागिरी-मालवणला भरती मुंबईच्या आधी येते, आणि ठाण्याच्या खाडीत आत जावे तसतशी ती उशिरा पोहोचते, एवढा फरक धरावा लागतो. नेमकी वेळ हवी असेल तर अर्थातच छापील कोष्टकच पाहावे.

मात्र सगळ्या ओहोट्या सारख्या नसतात, आणि माझ्या मागणीचे खरे कारण हेच आहे. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आगेमागे सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत येते, तेव्हा उधाण असते : भरती खूप चढते आणि ओहोटीला पाणी तितकेच खोल उतरते. मुंबईत अशा दिवशी दोन टोकांमधले अंतर चार मीटरच्या वर जाऊ शकते. अष्टमीच्या आसपास भांग असतो. त्या दिवसांत पाणी धड चढतही नाही आणि धड उतरतही नाही, त्यामुळे खडक पाहायला जाणाऱ्याची निराशा ठरलेली. निसर्गाची कृपा अशी की मुंबईत उधाणाच्या दिवसांची ओहोटी सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी त्याच सुमारास येते. द्वितीयेला पाऊणपटीने भरती दीडला येते, म्हणजे ओहोटी सकाळी साडेसातच्या सुमारास. फिरायला निघणाऱ्या माणसाला याहून सोयीची वेळ कोणती असणार? तरीही सकाळी किनाऱ्यालगतच्या पदपथावर शेकडो माणसे झपझप चालत असतात आणि कठड्यापलीकडे, त्यांच्यापासून वीस पावलांवर, काय उघडे पडले आहे ते कोणी वाकून पाहत नाही.

काय उघडे पडते? हाजी अलीच्या आसपास, मलबार हिलच्या पायथ्याशी, वांद्र्याला किंवा खारदांड्याच्या बाजूला किनारा खडकाळ आहे. हा ज्वालामुखीच्या लाव्हाचा काळा दगड आहे, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. अशा खडकावर काठाकडून पाण्याकडे उतरत गेलो की वस्तीचे थर बदलताना दिसतात. सर्वात वर, जिथे भरतीचे पाणी जेमतेम पोहोचते, तिथे हरभऱ्याएवढे राखाडी शंख भेगांमध्ये दाटीवाटीने बसलेले असतात. कवचाचे दार घट्ट मिटून उन्हाचे तास काढायचे, हा त्यांचा जगण्याचा मार्ग. त्याखाली खडकाला पांढरट, बोटाला खरखरीत लागणारी बारीक शंक्वाकृती कवचे चिकटलेली असतात. ती निर्जीव पुटकुळ्यांसारखी दिसतात, पण प्रत्येकीत झिंग्या-खेकड्यांचाच एक नातलग डोके खाली आणि पाय वर करून राहत असतो आणि पाणी आले की त्याच पायांनी अन्न गाळून घेतो. आणखी खाली कालवांचा थर लागतो. इथे कोळीवाड्यातल्या बायका ओहोटी धरून येतात, उकिडव्या बसून कालवे फोडून आतला गर काढतात आणि पाणी फिरले की उठतात. ही त्यांची रोजीरोटी आहे, आपल्या करमणुकीचे दृश्य नव्हे, त्यामुळे न विचारता त्यांच्यासमोर मोबाइल धरू नये.

सर्वात खालच्या थरात, जो केवळ उधाणाच्या ओहोटीलाच उघडा पडतो, खडकाच्या खळग्यांत पाणी साचून राहिलेले असते. या डबक्यांशी पाच मिनिटे हालचाल न करता बसावे लागते. आरंभी नुसते शेवाळ दिसते. मग त्यातला एक शंख चालू लागतो आणि शंखाच्या चालीला न शोभणाऱ्या घाईने चालतो, कारण त्यात मूळ मालक नसून रिकाम्या शंखात बिऱ्हाड केलेला खेकडा असतो. खडकावर हिरव्या-गुलाबी बटणांची चादर पसरल्यासारखी दिसते. ती प्रवाळांच्या कुळातल्या प्राण्यांची वसाहत असते आणि पाण्याबाहेर पडलेला तिचा भाग तोंडे मिटून घेतो. समुद्रफूल म्हणतात तो प्राणीही इथेच, पाण्यात असताना पाकळ्या पसरलेला आणि पाणी ओसरल्यावर ओल्या चिकट गोळ्यासारखा. स्पंजांचे पिवळे-नारिंगी थर दगडांच्या खालच्या अंगाला असतात. नशीब जोरावर असेल तर एखादे छोटे अष्टपादही दिसते, अर्थात आपल्याला ते दिसण्याआधी त्याने आपल्याला पाहिलेले असते. मुंबईच्या किनाऱ्यावर प्रवाळ आहेत यावर पुष्कळांचा विश्वास बसत नाही. पण ते आहेत, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्यांना संरक्षण आहे, आणि किनारी रस्त्याच्या कामाच्या आड येणाऱ्या वसाहती २०२० साली हाजी अली आणि वरळीहून उचलून दुसरीकडे नेऊन लावाव्या लागल्या होत्या.

वाळूच्या चौपाटीवरही कमी नाही. गिरगाव किंवा जुहूला पाणी मागे गेल्यावर ओल्या वाळूवर मोहरी-वाटाण्याएवढ्या गोळ्यांची नक्षी उमटलेली दिसते, बिळाभोवती किरणांसारखी पसरलेली. बोटाच्या नखाएवढा खेकडा वाळू तोंडात घेतो, तिच्यातले खाण्याजोगे कण काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो; भरती येईपर्यंत त्याचे हे काम चालू असते. लहान मुले माळेत ओवण्यासाठी ज्या शिंपल्या वेचतात, त्यांतल्या काहींना आधीच एक सुबक गोल भोक असते. ते एका शिकारी गोगलगायीने शिंपल्यातला जीव खाण्यासाठी पाडलेले असते. तिचीच अंडी वाळूत गुंफलेल्या, एका बाजूने उघड्या कॉलरसारख्या पट्टीत असतात. फाटक्या रबराचा तुकडा समजून ती पट्टी लाथेने उडवणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत.

मी शाळेत विज्ञान शिकवत होते. समुद्रापासून दहा मिनिटांच्या अंतरावरच्या त्या शाळेची सहल दर वर्षी शहराबाहेरच्या एखाद्या रिसॉर्टला जायची. शुल्क न परवडणारी मुले त्या दिवशी पोट दुखल्याचे सांगून घरी राहायची आणि आम्ही शिक्षक ते खरे मानल्याचे दाखवायचो. सातवीच्या वर्गाला एका सकाळी ओहोटीच्या वेळी गिरगाव चौपाटीवर नेले, तेव्हा पटावरची जवळजवळ सगळी मुले आली. पुस्तकातली संधिपाद आणि मृदुकाय प्राण्यांची आकृती वर्षभर गिरवूनही ज्याच्या लक्षात राहिली नव्हती, असा एक मुलगा वाळूवर पालथा पडून खेकड्याच्या गोळ्या मोजत होता आणि एक गोळी करायला त्याला किती वेळ लागतो ते मला सांगत होता. त्या सहलीचा खर्च म्हणजे काही मुलांचे बसभाडे. परवानगीसाठी मात्र मला तीन कागद द्यावे लागले, कारण 'स्थळाचे नाव' या रकान्यात नुसते 'समुद्रकिनारा' लिहिलेले वरिष्ठांना पटेना.

दोन आक्षेप येतील, ते मला ठाऊक आहेत. पहिला, मुंबईचा समुद्र घाण आहे. तो घाण आहेच. सांडपाणी आणि प्लास्टिक दोन्ही त्यात जाते आणि काही जागी वासाने उभे राहवत नाही. तरीही त्या खळग्यांतले जीवन टिकून आहे, आणि ते ज्याने एकदा पाहिले तो तिथे निर्माल्याची पिशवी भिरकावताना निदान एकदा तरी थबकतो, असा माझा अनुभव आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : वेळा छापल्या तर झुंबड उडेल आणि आहे तेही तुडवले जाईल. ही भीती मलाही आहे. म्हणून वेळेबरोबर चार पथ्येही छापावीत. उलटा केलेला दगड पुन्हा होता तसाच ठेवावा, कारण त्याच्या खालच्या अंगाला राहणारे जीव उन्हात तासाभरातही मरू शकतात. जिवंत शंख घरी नेऊ नये. शंकूच्या आकाराचे शंख तर हातातही घेऊ नयेत, त्यांतल्या काही जातींचा दंश विषारी असतो. आणि शक्यतो उघड्या खडकावर पाय टाकावा, जीवांच्या चादरीवर नव्हे. एवढे सांगूनही काही माणसे नासधूस करतील. परंतु कोणालाच माहीत नसलेला किनारा बुजवणे फार सोपे असते, हे आपण गेल्या काही वर्षांत पाहिले आहे.

सुरक्षिततेबद्दल मात्र तडजोड नको. हे खडक पावसाळ्यात पाहायचे नव्हेत. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो, खडक निसरडे असतात आणि याच काळात जुहू-गिरगावला निळ्या फुग्यासारखे दंश करणारे जीवही वाहत येतात. २०१३ च्या गणेशविसर्जनात गिरगावच्या पाण्यात पाकट माशांनी भाविकांना जखमी केल्याचे वाचकांना आठवत असेल. ऑक्टोबरअखेर ते मे हा योग्य काळ. ओहोटीच्या तळाच्या वेळेआधी तासभर खाली उतरावे आणि पाणी फिरले की परतीला लागावे. पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात ते फारसे जाणवत नाही आणि तिसऱ्या-चौथ्या तासात झपाट्याने येते, त्यामुळे 'अजून वेळ आहे' म्हणत खडकाच्या टोकावर बसलेला माणूस मागच्या खोलगट भागात पाणी भरल्यावर अडकतो. हाजी अलीच्या दर्ग्याचा मार्ग भरतीत पाण्याखाली जातो, अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येते. तिथे जाणारे भाविक आणि पर्यटक आधी पाण्याची वेळ विचारतात. तीच सवय इतर किनाऱ्यांवरही लागायला हवी, आणि ती वेळ ठाऊक असल्याशिवाय लागणार नाही. नेमकी वेळ छापल्याने धोका वाढणार नाही, उलट कमीच होईल.

महापालिकेकडेही एक मागणे आहे. किनारा सर्वांचा असला तरी त्यावर उतरण्याच्या वाटा एकेक करून कमी होत आहेत. कुठे दगडांचा बांध, कुठे चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे, कुठे सुशोभीकरणाचा सलग कठडा. जुन्या दगडी पायऱ्या जिथे शिल्लक आहेत तिथे त्या दुरुस्त कराव्यात, शेजारी त्या महिन्याच्या ओहोटीच्या वेळांचा साधा फलक लावावा आणि तिथेच थांबावे. काचेचे पूल, रंगीत दिवे, सेल्फी पॉइंट आणि त्यापाठोपाठ येणारी तिकीटखिडकी यांची इथे गरज नाही. भरती आणि ओहोटीच्या रेषांमधला हा पट्टा किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत संवेदनशील म्हणून वेगळा नोंदलेला आहे. त्याला सजवण्याचा उत्साह आवरला तरी पुरे.

खडकांपर्यंत जाणे ज्यांना झेपत नाही, त्यांनाही ओहोटीच्या वेळेचा उपयोग आहे. शिवडीच्या धक्क्यावर हिवाळ्यापासून मेपर्यंत रोहित पक्ष्यांचे थवे चिखलात चरताना दिसतात. पण ऐन ओहोटीला ते दुर्बिणीच्याही टप्प्याबाहेर असतात आणि पाणी चढू लागले की काठाकडे सरकतात. वेळ चुकवून गेलेला माणूस 'काही नव्हते' असे सांगत परततो. 

वेळा मिळवण्यासाठी आपल्याला नवे काही उभे करावे लागणार नाही. अपोलो बंदरावर १८७८ पासून पाण्याच्या पातळीची नोंद होत आली आहे आणि भारतीय सर्वेक्षण विभाग दर वर्षी देशभरातल्या बंदरांची भरती-ओहोटीची कोष्टके आगाऊ प्रसिद्ध करतो. पावसाळ्यातली आपली चौकटही अशाच कोष्टकांवरून बनत असणार. सूर्योदय, सूर्यास्त आणि तिथी जिथे छापता, त्याच्याखाली एक ओळ वाढवावी : दोन्ही ओहोट्यांच्या वेळा आणि त्या वेळची पातळी मीटरमध्ये. पातळी गाळू नये, कारण उधाण की भांग हे तिच्यावरूनच कळते. आणि ऑक्टोबर ते मे या काळात शनिवार-रविवारी उजेडातली ओहोटी अर्ध्या मीटरच्या खाली जाणार असेल, तर ती वेळ शक्यतो शुक्रवारच्याच अंकात ठळक अक्षरांत द्यावी, म्हणजे मुलांना घेऊन जाणाऱ्यांना आदल्या दिवशी बेत ठरवता येईल.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
गिरगाव, मुंबई